ए अधिक बी बरोबर ओ? कोर्सचा अनुभव

माझा रक्तगट ए, नवऱ्याचा बी आणि लेकीचा ओ. सासूबाई म्हणाल्या, "लॅबवाल्यांनीच घोळ घातला असेल." म्हणून चाळिशीत हा आनुवंशिकतेचा ऑनलाइन कोर्स लावला. दुसऱ्याच धड्यात कोडं सुटलं. आम्हा दोघांकडेही ओ च्या जनुकाची एकेक प्रत दडलेली. दोन्ही लेकीकडे गेल्या की झाला ओ. दर खेपेला शक्यता चारात एक. आई-बाबांच्या प्रती मांडायची चार घरांची चौकट असते, ती वहीत पेन्सिलीने भराच, नुसतं बघून डोक्यात शिरत नाही.

४६ गुणसूत्रं, २३ जोड्या वगैरे भाग शाळेचाच. रंगांधळेपणाचा धडा मात्र झकास! लाल-हिरव्यातला गोंधळ एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे. माझा भाऊ एक हिरवा, एक तपकिरी मोजा घालून हिंडतो आणि नाव आमच्या बाबांवर घालतो. त्याला फोन करून सांगितलं: बाबांनी तुला वाय दिला, एक्स आईचा!

एक खटकलं. जीभ गुंडाळता येणं एकाच जनुकावर ठरतं, असं अजूनही शिकवतात. पण जनुकं तीच असलेल्या एकसारख्या जुळ्यांतही कधी एकाला जमतं, दुसऱ्याला नाही. तसं कळवलं, उत्तर नाही. एक तारा तेवढ्यासाठी कापला.