विनापरवाना वृक्षतोड: सोमवारी जाऊन फाइल बघायची की माहिती अधिकारात अर्ज टाकायचा?

रविवारी सकाळी करवत चालते, दुपारपर्यंत ओंडके टेम्पोतून गेलेले असतात आणि दोन दिवसांत त्या जागी पेव्हर ब्लॉक बसतात. मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते: परवानगी होती का? कुणी म्हणतं होती, कुणी म्हणतं 'त्यांची ओळख आहे'. याचं उत्तर महापालिकेच्या कागदात असतं आणि तो कागद बघण्याचा हक्क तुम्हा-आम्हाला आहे. पुण्यात त्याचे तीन रस्ते आहेत: महापालिकेचं संकेतस्थळ, सोमवारची अभिलेख पाहणी (म्हणजे कार्यालयात जाऊन फाइल बघणं) आणि माहिती अधिकाराचा अर्ज. वेळ, खर्च आणि शेवटी हातात काय पडतं, या तिन्ही बाबतींत ते वेगळे आहेत. माझं मत आधीच सांगते: बेकायदा तोडीसाठी सोमवार आधी, अर्ज नंतर. पण या दोन्हींच्याही आधी एक काम आहे, ते म्हणजे तक्रार.

कारण साधं आहे. माहिती अधिकारात मिळतो तो कार्यालयात असलेला कागद. चोरून तोडलेल्या झाडाची फाइल आपोआप तयार होत नाही. कुणी तक्रार केली, उद्यान विभागाचा माणूस जागेवर आला, त्याने पंचनामा केला, बुंध्याचा घेर लिहिला, फोटो काढले, तरच पुढे मागण्यासारखं काही उरतं. म्हणून झाड पडलेलं दिसलं की त्याच दिवशी पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर, तक्रार टाकायची, टोकन क्रमांक जपायचा, आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. स्वतः काढलेल्या फोटोत खोडाशेजारी मोजपट्टी आणि मागे ओळखू येईल अशी इमारत असू द्या. बुंधा उपटून नेल्यावर झाड किती जुनं होतं यावर वाद घालणं अवघड जातं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाच्या वयाला कायद्यात मोठं महत्त्व आलंय. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष ठरतं.

संकेतस्थळ

याबद्दल थोडक्यातच. १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार तोडीचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची असते आणि झाडावरही नोटीस लावायची असते. नदीकाठ प्रकल्पासाठी तोडल्या जाणाऱ्या झाडांवर पुणेकरांनी हरकती घेतल्या त्या अशा सूचना वाचूनच. म्हणजे होऊ घातलेल्या तोडीसाठी संकेतस्थळावर येणाऱ्या अशा सूचनांवर नजर ठेवणं उपयोगाचं. झालेल्या बेकायदा तोडीसाठी त्याचा उपयोग फार तर एवढाच की परवानग्यांत तुमचा पत्ता सापडतो का ते पाहायचं. सापडला नाही म्हणून परवानगी नव्हतीच असं छातीठोक सांगता येत नाही, कारण सगळं वेळेवर चढवलेलं असतंच असं नाही. वृक्षगणनेचा नकाशा मात्र जरूर उघडा. त्या जागेवर तुमच्या झाडाची नोंद, जात आणि घेर दिसला, तर 'इथे झाड नव्हतंच' हा बचाव तिथेच संपतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

सोमवार, दुपारी ३ ते ५

महेश झगडे आयुक्त असताना पुणे महापालिकेने ही प्रथा सुरू केली: आठवड्यातून एकदा नागरिकांनी यावं आणि फायली बघाव्यात, अर्जाची गरज नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढून हीच पद्धत जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. पुण्याची ही प्रथा राज्याने उचलली, याचा पुणेकरांना अभिमान वाटला तर चूक नाही. तिचा वापर मात्र मोजकेच लोक करतात.

या रस्त्याचं खरं बळ आहे ते अख्खी फाइल समोर येण्यात. अर्ज करून प्रती मागितल्या की आपण मागू तेवढीच पानं मिळतात, आणि काय मागायचं हेच पुष्कळदा माहीत नसतं. फाइल हातात आली की आधी टिपणीची पानं बघा, पत्रव्यवहार नंतर. टिपणीत कोणी काय शेरा मारला, तो कोणत्या तारखेला, पुढे कोणाकडे पाठवलं, हे सगळं एका ओळीत सापडतं. मग स्थळ पाहणी अहवाल. तिथे एक जुनी युक्ती पकडता येते: परवानगी 'धोकादायक फांद्या छाटणे' अशी असते आणि प्रत्यक्षात झाड बुंध्यापासून गेलेलं असतं. किंवा परवानगी दोन झाडांची, गेलेली पाच. अर्जातली संख्या, अहवालातली संख्या आणि परवानगीतली संख्या, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. परवानगीची तारीखही टिपा. ती तोडीनंतरची असेल तर प्रकरण वेगळंच होतं.

मर्यादाही आहेत. 'फाइल साहेबांकडे आहे', 'संबंधित क्लार्क रजेवर आहेत' ही उत्तरं सोमवारी दुपारी मिळू शकतात, आणि त्यावर अपील करायला तुमच्या हातात काहीच नसतं. त्यामुळे आदल्या आठवड्यात फोन करून किंवा पत्र देऊन सोमवारची पाहणी चालू आहे ना ते विचारलेलं आणि कोणती फाइल हवी ते कळवलेलं बरं. फाइल क्षेत्रीय कार्यालयात आहे की संभाजी उद्यानातल्या उद्यान विभागात, हेही तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर जंगली महाराज रस्त्यावर रिक्षाचे पैसे वाया जातात. शिवाय पुढे पोलिसात किंवा कोर्टात जायचं असेल तर वहीतल्या नोंदींना फार वजन नाही. साक्षांकित प्रत लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज

म्हणून दुसरं पाऊल अर्जाचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, आणि उत्तरासाठी ३० दिवस. प्रतीला पानामागे दोन रुपये. फाइलची पाहणी याही कायद्यात मागता येते आणि पहिला तास फुकट असतो, म्हणजे सोमवारी टोलवाटोलवी झाली तर तीच पाहणी लेखी मागायची. मग मात्र नकाराला उत्तरदायी माणूस असतो.

'झाड का तोडू दिलं?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असं छापील उत्तर येतं. त्याऐवजी मजकूर साधारण असा ठेवा (सि.स.नं. म्हणजे मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर):

'दि. … ते दि. … या कालावधीत सि.स.नं. … या मिळकतीवरील वृक्ष तोडणे, छाटणी अथवा पुनर्रोपण यांसाठी आलेले अर्ज, स्थळ पाहणी अहवाल व दिलेल्या परवानग्या यांच्या साक्षांकित प्रती. असा अर्ज आला नसल्यास तसे लेखी कळवावे. तक्रार आवक क्र. … वर झालेला पंचनामा, बजावलेली नोटीस व टिपणी यांच्या प्रती.'

यातलं मधलं वाक्य सर्वांत मोलाचं. 'सदर मिळकतीसाठी परवानगी दिल्याचे अभिलेखावर आढळून येत नाही' हे जन माहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, सहीचं एका ओळीचं उत्तर बेकायदा तोडीच्या तक्रारीचा कणा ठरू शकतं. हे सोमवारी कुणी लिहून देत नाही.

तोड वादळावर ढकलली गेली असेल तर आणखी एक अर्ज अग्निशमन दलाकडे करा: त्या तारखेला त्या पत्त्यावर झाडपडीची वर्दी होती का. नसेल, तर 'रात्री वाऱ्याने पडलं' ही गोष्ट लंगडी पडते.

नकार साधारण दोन प्रकारचे येतात. एक, 'तपास चालू आहे'. नुसता तपास चालू असणं पुरेसं कारण नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात म्हटलं आहे. दोन, 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती'. डिजिटल वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्याने ही सबब जास्त रुंद करून ठेवली आहे. त्यावर उपाय म्हणजे मालकाचं नाव-फोन न मागता मिळकतीचा क्रमांक धरून झाडाची कागदपत्रं मागणं, आणि माहिती अधिकार कायद्यातलं व्यापक जनहिताचं कलम ८(२) अपिलात पुढे करणं. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाला मात्र संयम लागतो. ज्याला येत्या महिन्याभरात बिल्डरचं पुढचं काम अडवायचंय त्याने त्या भरवशावर बसू नये.

हद्द आधी तपासा

पिंपरी-चिंचवडचं वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडांविषयी निर्णय घेणारी यंत्रणा, वेगळं आहे. टेकडीवरचा भाग वनखात्याचा असेल तर अर्ज महापालिकेकडे करून उपयोग नाही. चुकून केलात तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायची जबाबदारी त्यांची आहे, पण प्रत्यक्षात वेळ जातोच. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथे कोर्ट फी स्टँप लावू नका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. आणि दुसरं अपील करायची वेळ आली तर ते दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.