पोत फाचे की पोत सऽ फाक? रोमानियनमध्ये 'शकतो, पाहिजे, हवंय' म्हणायचे दोन रस्ते

रोमानियन शिकायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. 'मी करू शकतो' म्हणायचंय, एक पुस्तक सांगतं 'पोत फाचे', शेजारचा रोमानियन सांगतो 'पोत सऽ फाक', दोघंही बरोबर असतात आणि आपण मधे लटकतो. कामासाठी बुखारेस्टला जाणारे, क्लुज किंवा याशला मेडिकलला असणारे (लेक्चर इंग्रजीत असलं तरी वॉर्डातल्या आजीबाई रोमानियनच बोलणार), सगळ्यांना कुठला एक रस्ता आधी पक्का करायचा ते ठरवावं लागतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी लिहायचं कसं ते सांगतो. रोमानियनमध्ये एक अक्षर आहे ज्याचा उच्चार चक्क आपला 'अ' आहे, शब्दाच्या शेवटी तो पूर्ण म्हणायचा असतो, गिळायचा नसतो, तिथे मी ऽ टाकलाय. शेवटचा 'इ' बऱ्याचदा नुसता ओठात राहतो, तो मी लिहितच नाहीये. आणि अजून एक स्वर इ आणि उच्या मधला, घशात मागे, तो मी 'इ' लिहिलाय, खरा उच्चार कानाने घ्या, लिहून कळणारा नाही.

तर पहिला रस्ता इन्फिनिटिव्हचा. 'आ फाचे' म्हणजे करणे, 'आ वेनी' म्हणजे येणे, 'आ प्लेका' म्हणजे निघणे. पुढचा 'आ' काढून टाकला की उरतो तो तुकडा पोतच्या मागे लावायचा: पोत फाचे, पोत वेनी, पोत प्लेका. पोत बदलतं (पोत, पोत्स, प्वाते, पुतेम, पुतेत्स, पोत), मागचं क्रियापद जसंच्या तसं. आपल्याला हे नवीन वाटायला नको कारण मराठी नेमकं हेच करतं, करू शकतो, करू शकतेस, करू शकतात, 'करू' जागचं हलत नाही आणि सगळा भार शकणेवर.

दुसरा रस्ता 'सऽ'चा, ज्याला कंजंक्टिव्ह म्हणतात. इथे दोन्ही क्रियापदं बदलतात. पोत सऽ फाक, पोत्स सऽ फाच, पुतेम सऽ फाचेम. म्हणजे 'मी शकतो की मी करीन' असं काहीतरी, कर्ता दोनदा सांगितल्यासारखा. ऐकायला दुप्पट काम वाटतं पण आहे त्यापेक्षा कमी, कारण साध्या वर्तमानकाळाचीच रूपं वापरायची असतात, वेगळं रूप फक्त तृतीय पुरुषात (आणि 'आ फी' म्हणजे असणे, ते अख्खं वेगळं: सऽ फिउ, सऽ फी, सऽ फिये). तिथे एक गंमतशीर उलटापालट आहे. साध्या वर्तमानात ज्याच्या शेवटी 'ए' असतो त्याचा होतो 'अ', आणि ज्याच्या शेवटी 'अ' असतो त्याचा होतो 'ए'. तो करतो फाचे, पण सऽ फाकऽ. तो येतो विने, पण सऽ विनऽ. तो निघतो प्ल्याकऽ, पण सऽ प्लेचे. एकवचन-अनेकवचन दोन्हीला हेच रूप, म्हणजे तेवढी एक गोष्ट पाठ झाली की झालं.

आता नुसतं 'शकतो'पुरतं बघितलं तर इन्फिनिटिव्हच सोपं, मान्य. पण प्रश्न तिथे संपत नाही.

फ्रेंच किंवा इटालियन येणारे इथे हमखास आपटतात. त्यांना वाटतं सगळ्याच मोडल क्रियापदांच्या (शकणे, पाहिजे, हवं अशी, ज्यांच्या जोडीला दुसरं क्रियापद येतं) मागे इन्फिनिटिव्ह चालेल, शेवटी भाषा लॅटिनचीच पोरं. नाही चालत. आजच्या प्रमाण रोमानियनमध्ये मोडलपैकी फक्त 'आ पुत्या' म्हणजे शकणे, हे एकटंच असं नुसतं इन्फिनिटिव्ह आरामात घेतं. 'मला जायचंय' म्हणायला व्र्याउ सऽ मेर्ग, 'व्र्याउ मेर्जे' नाही. 'जायला पाहिजे' म्हणायला त्रेबुये सऽ मेर्ग, 'त्रेबुये मेर्जे' नाही. 'मला स्वयंपाक येतो' म्हणायला श्तिउ सऽ गऽतेस्क. म्हणजे 'सऽ' सगळीकडे चालतो, इन्फिनिटिव्ह एका दारातूनच आत येतं.

असं का, तर शेजार. ग्रीक, बल्गेरियन, मॅसेडोनियन, अल्बेनियन, सर्बियन, या बाल्कन भाषा शेकडो वर्षं एकमेकींच्या अंगणात वाढल्या आणि सगळ्यांनी कमीजास्त प्रमाणात इन्फिनिटिव्ह टाकून दिलं. 'मला जायचंय' ग्रीक माणूस म्हणतो थेलो ना पाओ, बल्गेरियन म्हणतो इस्कम दा ओतिदा, रोमानियन म्हणतो व्र्याउ सऽ मेर्ग. शब्द तिन्हीकडे वेगळे पण सांगाडा एकच, मधे एक छोटा शब्द आणि मग बदलणारं क्रियापद. ग्रीक आणि बल्गेरियनमध्ये इन्फिनिटिव्ह जवळजवळ संपलंच, रोमानियनने मात्र थोडं राखून ठेवलंय. आणि हे काही आजचं नाही, रोमानियनमधलं तारीख सांगता येणारं सगळ्यात जुनं जे पत्र आहे, 1521 साली किम्पुलुंगच्या नेआक्शूने ब्राशोवच्या न्यायाधीशाला तुर्की सैन्याच्या हालचाली कळवायला लिहिलेलं, त्यातही 'सऽ नु श्तिये वामेन मुल्त्स' आहे, म्हणजे फार लोकांना कळू नये. सऽ तेव्हाही जोरातच होता.

आता खरी तुलना, म्हणजे जिथे दोन्ही चालतात त्या 'आ पुत्या'ची.

करू शकतो: पोत फाचे / पोत सऽ फाक
तो येऊ शकतो: प्वाते वेनी / प्वाते सऽ विनऽ
मला येता आलं नाही: नाम पुतुत वेनी / नाम पुतुत सऽ विन
तुला मदत करू शकतो: ते पोत आझुता / पोत सऽ ते आझुत
त्याला बघू शकतो: इल पोत वेद्या / पोत सऽल वऽद

अर्थामध्ये फरक नाही, कुणी सूक्ष्म फरक सांगायला लागलं तर फार मनावर घेऊ नका. फरक आहे तो सुरात. इन्फिनिटिव्हवालं जरा आटोपशीर, लिहिलेलं वाटतं, बातमीत, अर्जात, ऑफिसच्या ईमेलमध्ये जास्त दिसतं. सऽवालं बोलण्यात जास्त. पण बोलताना इन्फिनिटिव्ह वापरलं तर कुणी पुस्तकी म्हणून हसणार नाही, 'ते पोत आझुता?' हे दुकानातसुद्धा अगदी सहज कानावर पडतं.

शेवटच्या दोन ओळी मात्र नीट बघा, खरी मेख तिथे आहे. 'तुला', 'त्याला' हे छोटे शब्द इन्फिनिटिव्हवाल्या रस्त्यात उडी मारून पोतच्या आधी जातात, ते पोत आझुता. सऽवाल्यात ते सऽच्या मागे चिकटून बसतात, पोत सऽ ते आझुत. मिसळ केली, म्हणजे 'पोत ते आझुता', की समोरचा समजून घेतो पण कपाळावर एक आठी येतेच. मराठी माणसाला इन्फिनिटिव्हवाली रचना इथे सोपी जाते असं माझं मत, कारण आपण 'तुला' आधीच म्हणून मोकळे होतो, तुला मदत करू शकतो, क्रम बराचसा जुळतो. आणि विनंती करताना 'मऽ पुतेत्स आझुता?' म्हणजे मला मदत कराल का, हे एका दमात होतं आणि छानही वाटतं.

नकार आला की पारडं सऽकडे झुकतं. 'येऊ शकत नाही' दोन्हीने होतं, नु पोत वेनी, नु पोत सऽ विन. पण 'न येण्याची मुभा आहे', म्हणजे वाटलं तर नाही आलो तरी चालेल, हे इन्फिनिटिव्हने म्हणताच येत नाही, तिथे पोत सऽ नु विन. आणि 'आल्याशिवाय राहवणार नाही' याला नु पोत सऽ नु विन. दोन नु, दोन्ही आपापल्या क्रियापदाला धरून. पोतच्या मागच्या इन्फिनिटिव्हच्या अंगावर नु बसवायला जागाच नाही.

अजून एक खड्डा. 'प्वाते' म्हणजे 'तो शकतो', पण 'प्वाते' म्हणजे 'कदाचित' पण. त्यामुळे प्वाते वेनी म्हणजे येऊ शकतो आणि प्वाते विने म्हणजे कदाचित येईल, स्वरांच्या अदलाबदलीचा खेळ. येणेचं निदान रूप तरी वेगळं आहे, करणेचं इन्फिनिटिव्ह फाचे आणि 'तो करतो' पण फाचे, म्हणजे प्वाते फाचे ऐकलं की करू शकतो की कदाचित करतो हे संदर्भावरून ओळखायचं. सऽ लावला, प्वाते सऽ फाकऽ, की निदान 'कदाचित करतो' ही शंका तरी मिटते. पावसाचा अंदाज वगैरे असेल तर वेगळीच ठरलेली रचना आहे, सार पुत्या सऽ प्लोवऽ, पाऊस पडेल कदाचित, ही अख्खीच्या अख्खी तोंडात बसवा, रोज लागते.

आता 'त्रेबुये' वर थोडं थांबतो कारण मराठी माणसाचा पाय इथे वेगळ्याच कारणाने घसरतो. त्रेबुये आणि आपलं पाहिजे यांची कुंडली विलक्षण जुळते. दोन्ही माणसानुसार बदलत नाहीत, मला जायला पाहिजे, तुला जायला पाहिजे, तसं त्रेबुये सऽ मेर्ग, त्रेबुये सऽ मेर्ज, त्रेबुये तेच. दोन्ही वस्तूला पण लागतात: इम त्रेबुये बान, मला पैसे पाहिजेत. (आपण तिथे पाहिजेत करतो, प्रमाण रोमानियन तिथेही त्रेबुयेच ठेवतं, काही लोक 'त्रेबुयेस्क' म्हणतात आणि व्याकरणवाले चिडतात.) इतकं जुळतंय म्हणून आपण खुशाल 'मला जायला पाहिजे'चं 'इम त्रेबुये सऽ मेर्ग' करतो, ते चूक. वस्तू असेल तर 'इम' म्हणजे मला हवं, क्रिया असेल तर नको, कोण जाणार ते पुढचं मेर्ग सांगतंच. आणि कोण करणार हे सांगायचंच नसेल, 'हे करायला पाहिजे' असं मोघम, तर सऽही नाही आणि इन्फिनिटिव्हही नाही, त्रेबुये फऽकुत, म्हणजे 'केलेलं पाहिजे'. हा तिसराच रस्ता, ऑफिसात सारखा ऐकू येतो, विशेषतः काम कुणाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलं नसतं तेव्हा.

'व्र्याउ'मध्ये सऽचा मोठा फायदा असा की कर्ता बदलता येतो. व्र्याउ सऽ विन, मला यायचंय. व्र्याउ सऽ विनऽ, त्याने यावं असं मला वाटतं. आपल्याला 'यायचंय' सोडून 'यावं' वर जावं लागतं, रोमानियनमध्ये फक्त शेवटी एक अ वाढतो.

एवढं वाचून वाटेल की मग इन्फिनिटिव्ह सोडूनच देऊ, सऽवर भागतंय की. बोलण्यापुरतं बरंचसं भागेल, खरंच. पण इन्फिनिटिव्ह मोडलच्या बाहेर इतक्या ठिकाणी दबा धरून बसलंय की ते ओळखता न येणं महागात पडतं. भविष्यकाळ: वोय मेर्जे, मी जाईन (बोलताना लोक ओ सऽ मेर्ग म्हणतात, इथेही पुन्हा तीच जोडी). 'गेलो असतो, जाईन म्हणतो' वाला संकेतार्थ: आश मेर्जे. नम्रपणे मागायचं असेल तर आश व्र्या, त्यातलं व्र्या पण इन्फिनिटिव्हच. 'काही करायला नाही, इलाज नाही' याला नाम चे फाचे, 'जायला जागा नाही' याला नाम उन्दे मेर्जे. औषधाच्या खोक्यावर आ से पऽस्त्रा ला लोक उस्कात, कोरड्या जागी ठेवावे. आणि इन्फिनिटिव्हचं जुनं लांब रूप तर आता नामच झालंय, दारावरची इन्त्रारे आणि येशीरे ही पाटी, निरोपाचं ला रेवेदेरे, सगळी त्याच घरातली.

आणि एक माझं आवडतं. एका माणसाला 'जाऊ नकोस' म्हणायचं तर नु मेर्जे, 'करू नकोस' म्हणायचं तर नु फाचे. म्हणजे पोतच्या मागे जे येतं तेच नकाराच्या मागे येतं. आता मराठीत बघा, करू शकतो, करू नकोस, तेच 'करू' दोन्हीकडे! कुणी शिकवायच्या आधी आपल्या डोक्यात हा कप्पा तयार आहे. फक्त अनेकजण असले किंवा आदराने बोलायचं असलं की रोमानियन साथ सोडतं, नु मेर्जेत्स. (लिफ्टवर 'नु मेर्जे' चिकटवलेलं दिसलं तर ती मनाई नाही, लिफ्ट बंद आहे एवढंच.)

मग धरायचं काय. पुढच्या महिन्यात जाऊन लोकांशी बोलायचं असेल, तर सऽ. डोळे मिटून सऽ, कारण व्र्याउ, त्रेबुये, श्तिउ, पोत, चारही एकाच साच्यात बसतात आणि तृतीय पुरुषातली अ-ए ची उलटापालट चुकली तरी काम अडत नाही. यात मी एकच अपवाद ठेवेन, पोतबरोबर 'तुला-मला' येत असेल तर इन्फिनिटिव्ह: ते पोत आझुता, मऽ पुतेत्स आझुता, ही दोन वाक्यं पहिल्या दिवसापासून.

वाचन जास्त असेल, विद्यापीठाचं तयारीचं वर्ष करणार असाल, कागदपत्रं, करारपत्र वाचायची असतील, तर दोन्ही एकदमच घ्या, थोडा त्रास होईल पण नंतर वाचतो. परीक्षेसाठी लिहिताना एकाच परिच्छेदात पोत सऽ, पोत सऽ असं चारदा आलं तर त्यातली दोन इन्फिनिटिव्हने बदला, वाचायला लगेच बरं वाटतं. आणि आधीपासून फ्रेंच-इटालियन येत असेल तर उलटं करा, पहिले काही आठवडे इन्फिनिटिव्हला हातच लावू नका, नाहीतर व्र्याउच्या मागे मेर्जे आपोआप बाहेर येत राहील आणि ती खोड मग लवकर जात नाही.

जुन्या मजकुरात 'पोत आ फाचे' असं मधल्या 'आ'सकट कधी दिसलं तर गोंधळू नका, वाचून पुढे जा, स्वतः वापरू नका.