लॅपटॉपची सर्व्हिसिंग, राजारामपुरीतल्या दुकानात

माझं ऑफिस म्हणजे कोल्हापुरात मंगळवार पेठेतली पत्र्याची खोली. एप्रिलात दुपारी लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायचा की मीटिंगमध्ये साहेब विचारायचे, "शेजारी गिरणी आहे काय?" प्रोसेसर 95 अंशांच्या वर गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि माझं एक्सेल रांगायला लागायचं.

कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्याचा स्टँड, घ्यायला राजारामपुरीत गेलो, तर दुकानातल्या दादांनी आधी मागचं झाकण उघडलं. हवा बाहेर पडायची जाळी धुळीनं पार बुजलेली. म्हणाले, "हे काढल्याबिगर पॅड घालून काय उपयोग न्हाई." हातातली विक्री सोडणारा दुकानदार! ब्लोअरनं धूळ उडवली, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट वाळून कडक झालेली, ती पुसून नवी लावली. साडेसहाशे रुपये. त्याच कामाला आता प्रोसेसर 80 अंशांच्या आसपास राहतो. नाद खुळा.

खोलीतल्या पाण्याच्या एअर कूलरबद्दलही नीट सांगितलं: झोत टेबलावर नको, खिडकी उघडी ठेवा. वळवाच्या दिवसांत हवा दमट झाली की तसाही त्याचा गारवा कमीच.

पावती मागावी लागते, हे खटकलं. जायचं तर सकाळी जा. संध्याकाळी तासाभराचं काम उद्यावर जातं.