४५ लाखांचा नवा फ्लॅट की ४६ लाखांचा रिसेल? पुण्यातला हिशोब

बँक ‘५७ लाख कर्ज बसतं’ म्हणते तेव्हा ती फक्त हप्ता पाहते. घर बहुतेकदा अडतं ते हाताशी असलेल्या रोख रकमेवर.

समजा, नवरा-बायकोचा मिळून हातात पगार १,२०,००० रुपये, गाडीचा हप्ता १०,०००, घरभाडं २२,००० आणि शिल्लक २० लाख. त्यातले ४ लाख अडीअडचणीला ठेवायचेच; उरले १६. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी लाखाला हप्ता ८६८ रुपये. सगळे हप्ते पगाराच्या निम्मे धरले तर कर्ज ५७ लाख, ४० टक्के धरले तर साधारण ४३. आमच्या मते ४० च्या वर जाऊ नये. पण ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे २० टक्के आणि वरचा सगळा खर्च त्या १६ लाखांतूनच.

| | नवा, बांधकाम चालू | रिसेल |
|---|---|---|
| किंमत | ४५ लाख | ४६ लाख |
| कर्ज | ३६ लाख | ३६.८ लाख |
| स्टॅम्प ड्युटी ७% | ३.१५ लाख | ३.२२ लाख |
| नोंदणी | ३०,००० | ३०,००० |
| जीएसटी | ४५,००० (१%) | नाही |
| इतर | ताबा घेताना १.५ लाख | दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, डागडुजी ३.२ लाख |
| खिशातून | १४.४ लाख | १५.९ लाख |

नव्याचं पारडं जड दिसतं, पण ताबा ३० महिन्यांनी मिळणार असेल तर तोवरचं भाडं ६.६ लाख. वर प्री-ईएमआय: स्लॅब पडत जातात तसं कर्ज सुटतं आणि सुटलेल्या रकमेवर व्याज लागतं. १८ लाख सुटले की महिना १२,७५०. ३६ लाख सुटले की २५,५००, आणि मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. शेवटच्या महिन्यांत भाडं, व्याज आणि गाडी मिळून ५७,५०० जातात. रिसेलमध्ये भाडं थांबतं. हप्ता ३१,९०० आणि गाडीचे धरून ४२,०००. आईवडिलांच्या घरी राहत असाल तर मात्र गणित उलटतं, नवाच घ्यावा.

नव्या फ्लॅटची ४५ लाखांची रेघ ओलांडू नका. पुण्यात १ टक्का जीएसटी लागतो तो कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत आणि बिल्डर घेतो ती एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तरच. पार्किंग आणि वरच्या मजल्याचे जादा पैसेही त्या रकमेत येतात. ४६ लाख झाले की दर ५ टक्के, म्हणजे २.३ लाख. ‘पार्किंगचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या बिल्डरकडून आधी पूर्ण कॉस्ट शीट, म्हणजे सगळ्या रकमांची लेखी यादी, घ्या. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागणं रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यात बसत नाही.

रिसेलमध्ये फसगत होते ती व्हॅल्युएशनमध्ये. कराराची किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यातली कमी असेल तीवर कर्ज. मूल्यांकन ४३ लाख आलं तर कर्ज ३४.४ लाख, खिशातून आणखी २.४ लाख काढावे लागतील, आणि इथे ते शिल्लक नाहीत. ‘थोडे रोखीत द्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही हेच लागू: त्या भागाला कर्ज मिळत नाही. इमारत जुनी असेल तर बँक मुदत कापते, १५ वर्षांना लाखाला हप्ता ९८५ होतो. टोकन देण्याआधी शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीची थकबाकी, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का आणि विक्रेत्याचं कर्ज किती बाकी आहे ते तपासा. टोकनच्या पावतीवर ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्या.