कृतज्ञतेची वही: पाडव्यापासून आजवरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला ही वही सुरू केली. रात्री स्वयंपाकघर आवरलं की दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहायचं, एवढाच नियम. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली. त्यात लोकांनी आठवडाभरच असं लिहिलं होतं. ज्यांनी पुढेही आपणहून चालू ठेवलं, त्यांना त्याचा लाभ जास्त टिकला.

साधी रेघांची वही पुरते. मी फोनमधलं अ‍ॅपही वापरून पाहिलं. आठवण करून द्यायला ते चांगलं आहे, पण फोन हातात घेतला की आधी निरोप वाचले जातात. वहीच बरी.

सगळी ताकद त्या ‘का’मध्ये आहे. नुसती यादी केली तर आठवड्यातच घर, तब्येत, मुलं हेच शब्द फिरून फिरून येतात आणि मन त्यातून निघून जातं. कारण लिहायला घेतलं की माणसं दिसू लागतात. ‘सकाळी डबा वेळेवर तयार होता.’ का? तर सासूबाईंनी आदल्या दिवशीच मटकी भिजवून रात्री फडक्यात बांधून ठेवली होती. ‘भर पावसातही कचरा उचलला गेला.’ का? घंटागाडीवरचे दादा रेनकोट घालून वेळेवर आले होते. हे कष्ट रोजचेच होते, माझी नजर आता तिकडे जाते.

लिहिलेलं त्या माणसापर्यंत पोचवणं मला लिहिण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानले तर ते परके होतात. म्हणून मी कामाचं नाव घेते: “आई, मटकीला मोड किती छान आले होते, कधी भिजवलीत?” मग त्या खुलतात, दहा मिनिटं बोलतात.

स्वतःच्या मेहनतीसाठीही दर वेळी एक ओळ राखून ठेवली आहे. मी संध्याकाळी मोडी लिपी शिकते. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. जुन्या पत्रांत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हेच आधी शोधावं लागतं. अशा शिक्षणात प्रगती रोज डोळ्यांना दिसत नाही. वहीत मात्र ती साठत जाते. थंडीतल्या एका पानावर आहे, ‘दोन ओळी तासभर पाहत बसले, उठले नाही.’ उन्हाळ्यातल्या पानावर, ‘राजमान्य राजश्रीपासून अख्खा मायना कुणाला न विचारता वाचला.’ ही दोन पानं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता मर्यादा. मनःस्थिती एकदम पालटेल असं समजू नका. परिणाम सौम्य आहे, अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांनाही तो तसाच आढळला आहे. सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांशी बोलावं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. दुःख ताजं असताना तीन चांगल्या गोष्टी शोधायला कुणालाही भाग पाडू नका. आणि कृतज्ञतेच्या नावाखाली अन्याय गिळायचा नाही. कामाचा मोबदला थकला असेल तर नोकरी आहे याचं समाधान मानत बसू नका, पैसे मागा.

रोज लिहायलाच हवं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला होता. मीही आता बुधवारी आणि रविवारी लिहिते. नोंदी लांबल्या आहेत आणि त्यांत माणसं जास्त येतात. नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र पहिला महिना रोज लिहावं, सवय बसते.