एकट्यानं लेझर, की चौघांनी मिळून?

लालबाग-दादरच्या एकपडदा थिएटरवाल्यानं लेझर प्रोजेक्टर एकट्यानं घेतला, तर निर्णय त्याचा. पण कर्जाचा हप्ताही त्याच्याच डोक्यावर, आणि एका नगासाठी विक्रेता भाव कशाला पाडेल? चौघं मिळून गेले की तो नरमतो, देखभालीचा करार एकच होतो, सुटे भाग सामायिक ठेवता येतात. अमेरिकेत डिजिटलकडे वळताना स्वतंत्र थिएटरांनी 'सिनेमा बाइंग ग्रुप' याचसाठी उभारला होता. एकानं हप्ता थकवला तर काय, हे मात्र आधीच कागदावर हवं.

माझा कौल एकजुटीलाच. आणि लेझर हवाच, कारण आधीच्या प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा दिवा जुना झाला की पडदा अंधूक पडतो, चित्र लुकलुकतं. लेझर साधारण २०,००० तास चालतो. स्वस्त तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकालाही लख्ख चित्र मिळायलाच हवं.