घर आवरायचं कसं: खोलीवार की वस्तूवार?

घरातला पसारा कमी करायचा म्हटलं की दोन रस्ते समोर येतात. एकात एक खोली, किंवा तिच्यातलं एक कपाट, पूर्ण आवरून मगच पुढे जायचं. दुसऱ्यात घरभर विखुरलेली एकाच प्रकारची वस्तू, म्हणजे सगळे कपडे किंवा सगळे कागद, एका जागी जमवून निवडायची. दोन्हींनी घर मोकळं होतं आणि दोन्ही फसतातही. फक्त फसण्याची कारणं वेगळी आहेत.

खोलीवार पद्धतीची मोठी सोय म्हणजे ती तुकड्यातुकड्याने करता येते. एक खण पूर्ण रिकामा करा, पुसा, ठेवायचं तेवढंच परत लावा. अर्ध्यापाऊण तासात काम हातावेगळं होतं. मात्र खण रिकामा केलाच पाहिजे. नुसता वरवर चाळला तर प्रत्येक वस्तूला "असू दे" म्हटलं जातं, कारण ती आधीच जागेवर बसलेली असते.

ही पद्धत फसते ती वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकत राहिल्याने. हॉलमधल्या वायरी बेडरूममध्ये जातात आणि पुढच्या आठवड्यात तिथून माळ्यावर. शिवाय दुबार वस्तू नजरेत येत नाहीत. तीन खोल्यांत तीन कात्र्या असतील तर प्रत्येक खोलीतली कात्री गरजेचीच वाटते. पहिल्या अडचणीवर उपाय सोपा आहे: 'इथली नाही' अशी एक टोपली शेजारी ठेवा, मध्येच उठू नका आणि शेवटी एकदाच फिरून वस्तू जागच्या जागी पोचवा. दुसरीवर या पद्धतीत खरा उपाय नाही.

वस्तूवार पद्धत नेमकी तिथे कामाला येते. कपडे आवरायचे तर कपाटातले, दारामागच्या हुकावरचे, बॅगेत राहिलेले, धुवायला टाकलेलेही मोजायचे. सारख्याच पाच काळ्या पँटी शेजारी शेजारी पडल्या की कुठली नीट बसते आणि कुठलीची चेन अडकते हे लगेच ठरतं. पण ढीग मोठा झाला आणि रात्र झाली तर पलंग मोकळा करण्यासाठी सगळं पुन्हा कपाटात कोंबलं जातं, आणि कपाट आधीपेक्षा वाईट होतं. म्हणून प्रकार बारीक करा: आज फक्त पँटी, उद्या फक्त गरम कपडे. घरात लहान मूल असेल किंवा सलग दोन-तीन तास मिळत नसतील तर मोठ्या ढिगाच्या वाटेला जाऊच नये.

कागदांना मात्र सलग वेळ काढावाच लागतो. तीन ढीग पुरतात: कायमचे (जन्मदाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रं, घराची कागदपत्रं), मुदतीचे (विमा, कर, वॉरंटी) आणि संपलेले. दुकानातल्या बऱ्याच पावत्या थर्मल कागदावर असतात आणि उष्णतेने, उजेडाने त्यांवरची अक्षरं उडतात. वॉरंटीची पावती असेल तर तिचा फोटो आजच काढून ठेवा. जुनी पत्रं आणि फोटो सर्वांत शेवटी घ्या, नाहीतर ते चाळण्यातच दिवस जातो.

आमचं मत: दोन्ही पद्धती वापरा, पण वाटणी करून. एकाहून जास्त जागी सापडणारी वस्तू, म्हणजे कपडे, कागद, वायरी, औषधं, लेखनसामान, वस्तूवार आवरा. स्वयंपाकघर आणि बाथरूम खोलीवार, कारण तिथल्या वस्तू तिथेच राहतात. औषधांची मुदत तपासताना ती बाथरूममध्ये असतील तर तिथून हलवा. दमट हवेत ती लवकर खराब होतात.

डबे आणि टोपल्या आधी आणू नयेत. काय उरणार हे ठाऊक नसताना आणलेला डबा हाच नवा पसारा होतो. निवड झाल्यावर कप्प्याची रुंदी, खोली, उंची मोजा. दाराच्या बिजागऱ्या आत येतात, म्हणून माप सर्वांत अरुंद जागी घ्या. वर हात जाईल एवढी फट सोडा. रोजच्या वस्तूंना झाकण नको. डब्यावर डबा ठेवला तर खालचा उघडला जात नाही, तेव्हा खाली वर्षातून एकदाच लागणारं ठेवा. हवाबंद डब्यात कपडे पूर्ण कोरडे करूनच घाला. जरा ओलसर राहिले तरी बुरशी धरतात. रिमोट किंवा खेळणी ठेवून द्यायची तर सेल काढून ठेवा, कारण गळलेला सेल आतले पत्रे गंजवतो.

ठरत नाही त्या वस्तू एका खोक्यात घालून टेप लावा आणि वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. तोवर खोकं उघडावं लागलं नाही तर त्या देऊन टाका. द्यायच्या पिशव्या त्याच दिवशी दाराशी न्या, आठवड्यात घराबाहेर काढा. जुना फोन द्यायचा असेल तर आधी खात्यातून लॉगआउट करा, मग रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. घरातल्या इतरांच्या वस्तूंवर निर्णय त्यांचाच. त्यांना विचारल्याशिवाय काही टाकलं तर पुढच्या वेळी ते स्वतःचं कपाट उघडू देणार नाहीत.